फोन नापास करणाऱ्या नातूबाई

आमच्या वरच्या मजल्यावरच्या नातूबाईंना कर्ज, विमा किंवा प्लॉट विकणाऱ्या कुणाचा फोन आला, की त्या तो घेतात, शेवटपर्यंत ऐकतात आणि नापास करतात.

"झालं तुमचं? आता मी ठेवते. तुम्ही परत लावा. या खेपेला आधी स्वतःचं नाव सांगा, मग कंपनीचं, मग काम. आणि आकडे गिळू नका."

एवढं बोलून त्या रिसीव्हर ठेवतात आणि वाट बघत बसतात. गंमत म्हणजे पलीकडचा माणूस खरोखर परत फोन लावतो. सगळे नाही लावत, पण बरेच लावतात. विमा विकणाऱ्या एका पोराला त्यांनी माझ्यासमोर पुन्हा पुन्हा लावायला लावला होता. शेवटच्या खेपेला तो इतका स्वच्छ बोलला, की मलाच विमा घ्यावासा वाटला. नातूबाई म्हणाल्या, "छान. पास. विमा मला नकोय." आणि तो पोरगा, विमा खपला नसताना, मनापासून "थँक्यू मॅडम" म्हणाला.

मी स्वतः मुलखाचा तुसडा माणूस. असा फोन आला की मी 'नको' म्हणण्याइतकीही तोंडाची वाफ दवडत नाही, सरळ कापतो. नातूबाईंना हे मुळीच पसंत नाही. "सुहास, समोरचा वाक्यात असताना फोन कापणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं," असं त्या मला ऐकवतात. सोसायटी त्यांना नातूबाई म्हणते. मी लहानपणापासून मावशी म्हणत आलो, म्हणून मला जरा जास्त ऐकून घ्यावं लागतं.

नातूबाई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. एके काळी पुण्याहून नागपूरला बोलायचं, तर आधी एक्स्चेंजला कळवून फोन 'बुक' करावा लागे. मग घरदार फोनभोवती बसून राही. कधीतरी संध्याकाळी घंटा वाजे आणि एक स्वच्छ, करकरीत बाईचा आवाज म्हणे, "नागपूर बोला." तो आवाज नातूबाईंचा. वेळ संपली की त्याच मध्ये येऊन "थ्री मिनिट्स ओव्हर" म्हणत. लोक रडत असत, भांडत असत, लग्नं ठरवत असत. नातूबाईंचा आवाज तसूभर हलत नसे. "आपण रडायला लागलो तर लाइन कोण जोडणार?" असं त्यांचं साधं म्हणणं.

खात्यातल्या नोकरीमुळे त्यांना घरी फोन लवकर मिळाला. विश्रांतवाडीच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो तेव्हा सगळ्या इमारतीत मिळून तेवढा एकच फोन होता. साहजिकच तो सगळ्यांचा झाला. आमच्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर, तळमजल्यावरच्या शिंप्याच्या पाटीवरसुद्धा नातूबाईंचा नंबर असे आणि त्यापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, बोलावून देतील, पण थांबावं लागेल.

बोलावण्याची त्यांची पद्धतही खात्यातलीच. जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्या फक्त मजला, आडनाव आणि गाव सांगत. "तळमजला, कुलकर्णी, सोलापूर!" "पहिला मजला, शेख, मुंबई, अर्जंट!" 'अर्जंट' ऐकलं की शेखांच्या आधी आम्ही सगळेच दारात येत असू. शेखकाका चपला न घालता जिना चढत आणि खाली उतरताना त्यांच्या तोंडाकडे बघून इमारतीला बातमी कळे.

नातूबाईंना मात्र बातमी कळत नसे, निदान फोनवरून नाही. इतरत्र ज्यांच्याकडे फोन असे, ती माणसं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसत, वर "काय म्हणतात?" असं मध्येच विचारत. नातूबाई पाहुण्याच्या हातात रिसीव्हर देत, स्वयंपाकघरात जात, दार लोटत आणि मोरीतला नळ सोडून देत. नळाखाली बादली असे, पाणी वाया जात नसे. पण त्या आवाजात बाहेरचं अक्षरही ऐकू येत नसे. नळ चालू आहे तोवर काय बोलायचं ते बोला, असा तो अलिखित करार होता.

मला नोकरी लागल्याचा फोन त्याच यंत्रावर आला. मी न्हाणीघरात होतो. "पहिला मजला, जोगळेकर, कारखाना!" अशी हाक ऐकली आणि अंगाला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून जिना चढलो. नातूबाईंनी पाठ फिरवली आणि म्हणाल्या, "फोनवर कपडे दिसत नाहीत, पण आवाज ओला येतोय. घसा खाकर आधी." मी खाकरलो, नोकरी मिळाली. माझी आजी गेल्याचा फोन आला तेव्हा मात्र त्यांनी हाक मारली नाही. त्या स्वतः खाली आल्या, आईशेजारी बसल्या, तिला आधी पाणी प्यायला लावलं आणि मग तिचा हात धरून वर घेऊन गेल्या. त्या दिवशी नळ फार वेळ चालू होता.

पुढे हळूहळू घरोघरी फोन आले, मग ते खिशात आले. शेवटी कधीतरी, कुणीतरी, फोन घ्यायला म्हणून तो जिना अखेरचा चढलं असणार. ते कोण, हे कुणालाच आठवत नाही. मला याचं वाईट वाटतं. निदान त्या माणसाला चहा द्यायला हवा होता.

नातूबाईंचं यंत्र मात्र जागचं हललं नाही. खात्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, भाचीने घेऊन दिलेला मोबाइल कपाटात साड्यांखाली आहे, आणि दिवाणखान्यात तोच जुना फोन, तीच तिवई. त्यावर आता फक्त विकणाऱ्यांचे फोन येतात.

"असले फोन बंद करायची सोय असते, मावशी. करून देऊ का?" मी एकदा म्हणालो.

"बंद कशाला? फोन वाईट नाहीत, करणारे शिकलेले नाहीत. यांना कुणी तयार केलंय की नाही? आम्हाला महिनोन्‌महिने नुसतं ऐकायला बसवलं होतं."

त्यामुळे त्यांनी शिकवणीच सुरू केली. त्यांची वाक्यं जिन्यातून येता-जाता माझ्या कानावर पडत. "आवाज घशातून नको, ओठांवर आणा." "हसत बोला. हसलेलं ऐकू येतं." "मी कर्ज का घ्यावं ते नंतर. तुम्ही देताय कोण ते आधी." ज्यांना हे सोसत नसे ते पळत. एका बँकवाल्याने तर त्यांचा नंबर आपण होऊन यादीतून काढून टाकला, असं त्या अभिमानाने सांगत.

या सगळ्या विद्यार्थ्यांत टिकली ती पल्लवी. खडकवासल्याजवळचे प्लॉट विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीत ती फोन करायला होती. पहिल्या दिवशी ती पाठ केलेलं पुस्तकी मराठी बोलत होती आणि दर वाक्यात अडखळत होती.

"गाव कुठलं तुझं?" नातूबाईंनी विचारलं.

"यवतमाळकडचं जी."

"मग तिथल्यासारखंच बोल. उगाच पुणेरी होऊ नकोस, जीभ अडकते."

मग गाडी रुळावर आली. पल्लवी म्हणाली, "मॅडम, आपल्या प्लॉटवरून पूर्ण तलाव दिसते."

"कुठल्या खिडकीतून?"

"खिडकी नाही जी तिथं अजून. जमीनच हाय नुसती."

"मग जमिनीवर उभं राहिलं की दिसतो, असं सांग. आणि त्याच धरणाचं पाणी आमच्या नळाला यायला रुसतं, हेही लक्षात ठेव. पुण्यात ते दाखवून काही खपायचं नाही."

पल्लवी खळखळून हसली. तेव्हापासून तिच्या यादीत नातूबाईंचं नाव फिरून फिरून येऊ लागलं. यादीचा दोष की पल्लवीचा, कोण जाणे. ती प्लॉटचं सगळं साग्रसंगीत म्हणून दाखवी, नातूबाई चुका काढत, मग ती हळूच म्हणे, "मॅडम, आज दोघांनी पूर्ण ऐकून घेतलं." संध्याकाळी नातूबाई मला ते सांगत, एखाद्या मास्तरणीने वर्गातल्या मुलीचे गुण सांगावेत तसं. "दोघांनी पूर्ण ऐकलं, सुहास. पूर्ण."

आणि मग कंपनीने यंत्र आणलं.

एका सकाळी फोन वाजला. "नमस्कार! आपल्या स्वप्नातलं घर आता आपल्या आवाक्यात!"

"आधी नाव सांगा," नातूबाई म्हणाल्या.

"अधिक माहितीसाठी एक दाबा."

"काय दाबा? मी विचारतेय, तुम्ही कोण?"

पलीकडची बाई न थांबता पुढे बोलतच राहिली. नातूबाईंनी तिला दोनदा समजावलं, एकदा रागावून पाहिलं. तो आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या लालबुंद झाल्या. मी कामावर निघालो होतो, मला जिन्यातच अडवून म्हणाल्या, "मी मघापासून एका यंत्राशी बोलत होते. माझी तक्रार लिहून घे."

ते यंत्र रोज येऊ लागलं, दिवसातून कितीदाही. पल्लवीचा फोन मात्र येईना. शेवटी एका रविवारी मी मोबाइलवर कंपनीचा ई-मेल पत्ता शोधला आणि त्या सांगतील तसं ई-मेल लिहू लागलो. "आपल्या कंपनीकडून हल्ली माणसाऐवजी यंत्र फोन करते. त्यास प्रश्न विचारता येत नाही व त्याची चूक दुरुस्त करता येत नाही. तरी ही गैरसोय त्वरित दूर करावी. ऑपरेटर: पल्लवी."

"तिचं नाव कशाला?" मी विचारलं.

"अरे, तक्रारीत ऑपरेटरचं नाव लागतंच. म्हणजे तिला बोलावून विचारतात, बाई, या लाइनवर काय होतंय? ती सांगेल बरोबर."

त्यांच्या खात्यात तसंच होतं. तक्रार लाइनीची असे, आणि ऑपरेटर म्हणजे त्या लाइनीची जाणकार. मी नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

उत्तर तत्परतेने आलं. एवढ्या तत्परतेचीच भीती वाटायला हवी होती. मी ते मोठ्याने वाचलं. "आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन संबंधित प्रतिनिधी पल्लवी यांना कामावरून थांबवण्यात आले आहे. आपणास झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत."

"परत वाच," नातूबाई म्हणाल्या.

मी परत वाचलं. त्या तिवईशेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"मी यंत्राची तक्रार केली होती ना रे?"

"हो."

"आमच्याकडे तक्रार झाली की लाइन दुरुस्त व्हायची. माणूस नाही जायचा." त्या थोडा वेळ आपल्याच हातांकडे बघत राहिल्या. "घरापासून इतकी लांब आली पोरगी. खोलीचं भाडं कशानं देईल?"

तेवढ्यात फोन वाजला. "नमस्कार! आपल्या स्वप्नातलं घर आता..." नातूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समोरचा वाक्यात असताना फोन ठेवला.

त्यांनी कंपनीला फोन लावून पाहिला. मराठीसाठी एक, तक्रारीसाठी तीन, असं करता करता त्या पुन्हा प्लॉटच्या जाहिरातीपाशी पोचल्या. माणूस काही लागेना. तेव्हा त्या उठल्या, ड्यूटीला जाताना नेसत ती फिकट निळी साडी नेसल्या आणि मला म्हणाल्या, "हडपसरला ऑफिस आहे म्हणत होती पल्लवी. चल."

आम्ही दोन बस बदलून हडपसरला पोचलो. काचेची उंच इमारत, वर एक लांबलचक दालन. त्यात मुलंमुली ओळीने बसलेली, कानांवर हेडफोन, प्रत्येकाच्या तोंडाशी माइकची वाकलेली एक काडी आणि सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले. नातूबाई काचेबाहेर थांबल्या. मला वाटलं, दम लागला असेल.

"असंच होतं बघ आमचं," त्या म्हणाल्या. "असंच ओळीत. फक्त समोर लाइनी जोडायच्या दोऱ्या असायच्या, एकीने ओढली की दुसरीच्या कोपराला लागायची." त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शाळेच्या मेळाव्याला आलेल्या म्हाताऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पाहिलंय.

टीम लीडर म्हणून जो आला तो माझ्या मुलाच्या वयाचा होता. वागायला अदबशीर होता, हे कबूल करायला हवं.

"मॅम, कम्प्लेंट विड्रॉ नाही होत. सिस्टिममध्ये तो ऑप्शनच नाहीये."

"अहो, पण तक्रार तिची नव्हतीच. यंत्राची होती."

"ते बॉट आहे मॅम. बॉटच्या नावावर कम्प्लेंट लॉग होत नाही. एजंटचं नाव लागतं. ते तुम्हीच दिलंत."

पुण्यात त्यांना गप्प करणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

"मग त्या मुलीला परत घ्यायला काय करावं लागेल?" मी विचारलं.

"कम्प्लेंट क्लोज करावी लागेल. ती तुम्हाला सॉरी कॉल करेल, रेकॉर्डेड लाइनवर. तुम्ही 'सॅटिस्फाइड' म्हणालात की क्लोज. ती परत जॉइन. पण कॉल नीट व्हायला हवा हं. कस्टमर मध्ये काही बोलला, चूक काढली, की तो कॉल फेल जातो." मग खूश होऊन म्हणाला, "आणि क्लोज झाली की तुमचा नंबर ऑटोमॅटिक ब्लॉक होतो. आमच्याकडून परत कधीच कॉल नाही. बॉटचाही नाही, एजंटचाही नाही. तेच हवं होतं ना तुम्हाला?"

नातूबाईंनी पर्सचा बंद नीट केला.

"हो," त्या म्हणाल्या. "तेच हवं होतं."

येताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "चला मावशी, एका कंपनीच्या तावडीतून तर सुटलात."

"सुहास, आपल्या घरातला फोन किती वाजला रे," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "सगळ्यांना बोलावून बोलावून माझा घसा बसायचा. पण माझ्यासाठी म्हणून असा कितीसा वाजला? माझी आई गेल्यावर तर नाहीच. ही पोरगी फोन लावायची आणि आधी विचारायची, 'सुलभा मॅडम हायेत का घरी?' मी एकटीच राहते, फोन मीच उचलते, हे तिला माहीत होतं. तरी दर वेळी विचारायची. आणि मी म्हणायचे, थांबा, बघते."

ज्या घरात आमच्या सगळ्यांच्या बातम्या आल्या, त्या घरात त्यांचं नाव घेऊन कुणी फोन केलेला मलाही आठवेना.

सॉरी कॉल दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा होता. मी रजा टाकून वर जाऊन बसलो. नातूबाईंच्या फोनचा आवाज मोठा आहे, खोलीत सगळं ऐकू येतं. घंटा वाजली. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि उचलला.

"नमस्कार, मी ग्राहक सेवा विभागातून पल्लवी बोलत आहे. आपली तक्रार क्रमांक..."

पोरगी घाबरली होती आणि वाचत होती. श्वास कुठे घ्यायचा ते विसरली होती. तक्रारीचा क्रमांक तिने अर्धा गिळला. 'दिलगिरी' या शब्दावर अडखळली, मागे आली, पुन्हा अडखळली. नातूबाईंच्या वर्गात असा फोन पहिल्याच वाक्याला नापास झाला असता. माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं. त्यांचा ओठ दोनदा हलला. दोन्ही वेळा त्यांनी तो दातांत धरला.

"मॅडम, आमच्या उत्तराने आपण समाधानी आहात का?"

"समाधानी आहे. आणि या मुलीच्या फोनचा मला कधीच त्रास झालेला नाही, हेही रेकॉर्ड होऊ द्या."

"मॅडम," पल्लवी घाईने म्हणाली, "फक्त हो म्हणायचं हाय."

"हो."

"धन्यवाद. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. यापुढे आपणास आमच्याकडून फोन येणार नाही. आपला दिवस शुभ असो."

झालं. पोरगी परत कामावर लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि उठलो. पण नातूबाईंनी रिसीव्हर कानाचा काढला नव्हता. पलीकडूनही फोन ठेवल्याचा आवाज आला नव्हता. मागे दालनातला गलका ऐकू येत होता आणि त्यात जवळचा एक श्वास.

"मॅडम," अगदी हळू आवाज आला, "तुम्ही ठेवा नं. आम्हाले आधी ठेवता येत नाही."

"आम्हालाही नव्हतं येत गं," नातूबाई म्हणाल्या.

दोघीही तशाच थांबल्या. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"जेवलीस का?" नातूबाईंनी विचारलं.

"नाही जी. तुमचा कॉल झाला की जेवाची सुट्टी हाय."

"मग जा. जेव," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी धरून, आवाज न होऊ देता, त्यांनी फोन ठेवला.